‘जागा’ सांगा : घरी गाणं ऐकून त्यावर बोलायची बैठक कशी चालवावी

मिरजेत आमच्या औषधाच्या दुकानाच्या वर एक खोली आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री शटर ओढलं की मी वर जाते आणि सतरंजी अंथरते. साडेनऊपर्यंत दहा-बारा माणसं जमतात. आम्ही एक ध्वनिमुद्रण ऐकतो आणि मग त्यावर बोलतो. २०११च्या फेब्रुवारीपासून हे चालू आहे. त्या वर्षी २४ जानेवारीला गायक भीमसेन जोशी, आमचे भीमसेनजी, गेले. पुढचा आठवडाभर दुकानात येणारा जो तो काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी ठेवायचा आणि त्यांच्याबद्दल काहीतरी सांगायचा. कुणी त्यांना पुण्यात ऐकलं होतं, कुणी रेडिओवर, कुणी लग्नाच्या मांडवात लावलेल्या अभंगांतून. हे उभ्या उभ्या बोलायचं बोलणं नाही, असं मला वाटलं आणि पुढच्याच महिन्यात पहिली बैठक झाली.

आपल्या गावात असं काही सुरू करायचं असेल तर काय करावं, हे आता बरेच जण विचारतात. आम्हाला जे जमलं आणि जे चुकलं, ते लिहिते.

खोलीबद्दल थोडंच सांगायचंय. बारापेक्षा जास्त माणसं घेऊ नका. तेराव्या माणसापासून गप्पांचं भाषण होतं. वयस्करांना भिंतीला टेकायला जागा ठेवा. स्पीकर साधे चालतात, पण ते बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. गाणं चालू असताना पंखा बंद करा. हे मला आमच्या बैठकीतल्या एका मुलाने शिकवलं. तो तंबोरे करणाऱ्या घरातला आहे. पहिल्याच दिवशी म्हणाला, “ताई, पंख्याच्या आवाजात जवारी मरते.” पंखा बंद केला आणि जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांचा झंकार, खोलीभर ऐकू यायला लागली. चहा शेवटी द्या. मध्ये दिला तर कपबशा वाजतात.

एका रात्री एकच कलाकार, एकच राग, जास्तीत जास्त पन्नास मिनिटं. आम्ही सुरुवातीला हे पाळलं नव्हतं. पहिल्या तीन बैठकांत पाच-सहा गायकांचे तुकडे लावले. बोलणं काय झालं, तर “हेही छान, तेही छान.” तुकड्यावर मत बनतच नाही. विलंबित ख्यालाची बढत, म्हणजे संथ लयीतला रागाचा हळूहळू होणारा विस्तार, पुरती ऐकल्याशिवाय गायक कुठे निघाला होता आणि कुठे पोचला, हे कळत नाही.

गाणं संपलं की पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही. नवीन माणसाला हे अवघड जातं, पण सोडू नका. लगेच बोलणारा माणूस घरून आणलेलं मत बोलतो. पाच मिनिटांनी बोलणारा आत्ता ऐकलेलं बोलतो.

आणि मग आमच्या बैठकीचा मुख्य नियम : आधी जागा सांगायची, मत नंतर.

मैफलीत आपण म्हणतोच, “वा! काय जागा घेतली!” जागा म्हणजे गाण्यातला नेमका तो क्षण. हा शब्द आपल्याकडे आहे, त्याचा पुरेपूर उपयोग करा. प्रत्येकाने आपल्याला भिडलेली किंवा खटकलेली एकच जागा सांगायची. कुठल्या तानेनंतर, कुठल्या शब्दावर, साधारण कितव्या मिनिटाला. मग तेवढा अर्धा मिनिटाचा भाग पुन्हा लावायचा, सगळ्यांनी ऐकायचा, आणि मगच त्या माणसाने आपलं मत मांडायचं. अप्रतिम, दैवी, स्वर्गीय हे शब्द आमच्याकडे जागा सांगितल्याशिवाय चालत नाहीत. “अंगावर काटा आला” चालतं, पण काटा नेमका कुठे आला ते सांगावं लागतं. हाच नियम “बेसूर” या शब्दालाही आहे. कलाकार बेसूर झाला असं म्हणायचं असेल तर ती जागा लावून दाखवायची. दाखवता आली नाही तर शब्द मागे घ्यायचा.

याने काय होतं, ते एका रात्रीवरून सांगते. भीमसेनजींचा शुद्ध कल्याण राग लावला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका त्यांचे निस्सीम भक्त. ते म्हणाले, “मेघगर्जना! दुसरा शब्द नाही.” मी विचारलं, “काका, जागा?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती मोठी तान संपते आणि ते मुखड्यावर येतात ना, तिथे.” मुखडा म्हणजे बंदिशीची फिरून फिरून येणारी सुरुवातीची ओळ. आम्ही ती जागा लावली. एकदा, दोनदा, तीनदा. तान खरोखर गर्जनेसारखी होती, पण काकांना भिडला होता तो तिच्या नंतरचा मुखडा, आणि तो अगदी हळुवार होता. एवढ्या वेगातून आलेला आवाज समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, फुलासारखा ठेवलेला. काका स्वतःच म्हणाले, “म्हणजे मला गर्जना नाही आवडत, गर्जनेनंतरचं हे आवडतं.” चाळीस वर्षं ज्या गाण्यावर प्रेम केलं, त्यात त्यांना त्या रात्री नवीन काही सापडलं.

राग ओळखता येत नाही म्हणून कुणाला मागे बसवू नका. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग ऐकल्यावर आमच्या शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “ही बाई दारापर्यंत येते आणि परत फिरते. पुन्हा येते, पुन्हा फिरते. मला वाटलं, अगं, ये की आत.” वहिनींना स्वरांची नावं येत नाहीत. तबला शिकलेला एक मुलगा लगेच म्हणाला, “त्या तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लांबणीवर टाकत होत्या, धैवतावर, म्हणजे ‘ध’वर, थांबून.” दोघांनी एकच जागा सांगितली होती. आम्ही ती पुन्हा लावली तेव्हा मला तरी वहिनींचं वर्णन जास्त खरं वाटलं. जाणकाराची भाषा आणि कानाची भाषा दोन्ही खोलीत असू द्या. जाणकार शेवटी बोलेल एवढं मात्र बघा, नाहीतर बाकीचे त्याचंच मत उचलतात.

आता तुलना. चाहते एकत्र आले की तुलना होणारच आणि आमच्याकडे तर ती भूगोलातच आहे. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. १९३७ साली ते गेले, इथल्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. हिराबाई बडोदेकर १९०५ साली इथेच जन्मल्या. किराणा घराणं, म्हणजे त्यांची गायकीची परंपरा, आमच्या हवेत आहे. आणि तिकडे पन्नासेक किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, म्हणजे जयपूर घराणं. केसरबाई, मोगूबाई, पुढे किशोरीताई, सगळ्या त्या परंपरेतल्या. आमच्या बैठकीत दर महिन्याला कोल्हापूरहून दोघे येतात. सुराला धरून बसणारे आम्ही आणि लयीशी गुंफलेली तान मागणारे ते. वाद ठरलेला!

या वादासाठी आम्ही तीन गोष्टी ठरवून घेतल्यात. एक, दोन्हीकडचा वेळ सारखा असावा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात त्यांना सगळं सांगायचं होतं. त्यासमोर दुसऱ्याची तासाभराची मैफल ठेवून “यांचा विस्तार कमी आहे” म्हणणं हा अन्याय आहे. तबकडीसमोर तबकडी, मैफलीसमोर मैफल. दोन, जुन्या तबकडीवरून गायकाच्या पट्टीबद्दल, म्हणजे तो किती उंच सुरात गायचा याबद्दल, ठाम बोलू नये. तबकडी ज्या वेगाने फिरवून उतरवली असेल, त्याप्रमाणे आवाज चढतो किंवा उतरतो. तीन, शक्यतो राग एकच घ्यावा.

याच्याच पुढचा एक प्रयोग जरूर करा. भूप आणि देशकार एकापाठोपाठ लावा. दोन्हीत स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. भूप गंधाराशी, म्हणजे ‘ग’शी राहतो, देशकार धैवताशी. आमच्याकडे हे केलं त्या रात्री कुणीही “कोण मोठं” हा प्रश्न काढला नाही. सगळे “हे वेगळं का वाटतंय” यावर दीड वाजेपर्यंत बोलत होते.

सगळ्यात जास्त रंगलेला वाद कुमारजींवरून, म्हणजे गायक कुमार गंधर्वांवरून झाला. त्यांची निर्गुणी भजनं लावली होती. एक जण म्हणाले, “लहान लहान तुकड्यांत गातात, कारण फुप्फुस गेलं होतं. श्वासच नव्हता.” हे आपण सगळेच ऐकत आलोय. मी औषधवाली, त्यामुळे इथे माझ्याकडे थोडी माहिती होती. कुमारजींना क्षय झाला, कित्येक वर्षं गाणं बंद झालं, आणि १९५२च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तेव्हा ते त्यातून उठले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं होतं, हे खरं. पण मग मी त्यांची आजाराआधीची, कोवळ्या वयातली तबकडी लावली. आवाज मोकळा, ताना सरळ, लखलखीत. आणि पाठोपाठ पुन्हा ते भजन. मग प्रश्न बदलला. छोटा श्वास हे कारण असेल, पण त्या तुकड्यांच्या मधली शांतता कुठून आली? माळव्यातल्या देवासला अंथरुणावर पडून त्यांनी बाहेरून येणारी लोकगीतं ऐकली, ती त्यात आहेत का? मला वाटतं आहेत. कोल्हापूरच्या दादांना अजून तसं वाटत नाही. वाद आमच्या वहीत उघडाच आहे. आजार आणि गाणं यांचा इतका सोपा हिशेब मांडू नये, असं मात्र मला मनापासून वाटतं.

भांडणही होईल. आमच्याकडे एकदा एका मोठ्या गायिकेच्या मैफलीतल्या वागण्यावरून बोलणं निघालं. कार्यक्रम मध्येच थांबवून त्या श्रोत्यांवर रागावल्या, असं कुणीतरी ऐकीव सांगितलं. त्यांचे एक चाहते उठून निघून गेले आणि आठ महिने आले नाहीत. चूक माझी होती, मी ते बोलणं तिथेच थांबवायला हवं होतं. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेले, काही न बोलता दोघांनी मिळून त्याच गायिकेचा एक यमन ऐकला, आणि पुढच्या शनिवारी ते परत आले. तेव्हापासून नियम आहे : कलाकाराच्या स्वभावाबद्दल, आजारपणाच्या अफवांबद्दल, घरातल्या गोष्टींबद्दल बैठकीत बोलायचं नाही. ऐकू आलं तेवढंच बोलायचं.

प्रत्यक्ष मैफल ऐकून आलात तर त्याच रात्री लिहून ठेवा. हे मी कळवळून सांगते. फार्मसी शिकायला पुण्यात होते तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो. तेव्हा गाणं रात्रभर चालायचं. डिसेंबरची थंडी, एका शालीत दोघी, चहाच्या रांगेत उभं असतानाही कान मांडवाकडे. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला आणि शेवटी पहाटे ते स्वतः गायला बसत. त्या पहाटेतला एक षड्ज मला अजून ऐकू येतो. पण राग कोणता होता? मैत्रीण म्हणते ललत, मी म्हणते तोडी. तीस वर्षं झाली, आमचं अजून एकमत नाही, आणि दोघींपैकी कुणीही एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

म्हणून आता वही. तारीख, ठिकाण, राग, ताल, आपण कुठे बसलो होतो, आणि एक जागा. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, हेही न चुकता लिहा. आप्पा जळगावकरांची पेटी ज्यांनी ऐकली त्यांना कळेल मी काय म्हणते. गायकाने सोडलेला सूर दुसऱ्या कुणीतरी अलगद झेललेला असतो आणि आपण घरी येऊन फक्त गायकाचं नाव सांगतो. तंबोऱ्यावर कोण होतं हे तर कुणी विचारतच नाही.

तरुण मुलं येतील, ती वेगळं काही आणतील. आणू द्या. २०१६ साली माझ्या भाचीने ‘सैराट’चं संगीत आणलं. काकांच्या कपाळावर आठ्या होत्या. पण नियम तोच : जागा सांग. तिने ढोल-ताशाची सांगितली नाही, मागे वाजणाऱ्या व्हायोलिनच्या ताफ्याची सांगितली. ते वादन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत जिवंत वाजवून घेतलंय, हेही तिनेच सांगितलं. काकांनी ती जागा दोनदा लावायला लावली.

शेवट भैरवीने करा. पुण्याच्या महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रणाने होते, तिथूनच आम्ही ही रीत घेतली. आम्ही मात्र लावतो ती अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी, ‘जमुना के तीर’. तीन मिनिटांची. कितीही वाद झालेला असो, ती सुरू झाली की पंखा पुन्हा बंद. “अजून एक लाव की गं” असं कुणीतरी म्हणतंच. लावू नका. भैरवीनंतर बोलूही नका. आमचा जिना अरुंद आहे, म्हणून मी आधी खाली जाऊन दुकानाचा दिवा लावते आणि एकेक जण उतरेपर्यंत तिथे उभी राहते. बहुतेक जण मान हलवूनच निरोप घेतात.