गुगलवर कंपनीचं रेटिंग दिसत नाही? मार्कअपमधल्या या चुका टाळा

कर्मचाऱ्यांनी कंपनीला दिलेलं रेटिंग गुगलच्या नोकरी-शोधात दिसावं, यासाठी पेजच्या कोडमध्ये मार्कअप, म्हणजे गुगलला माहिती ओळखता यावी म्हणून लिहिलेला मजकूर, द्यावा लागतो. त्यात 'एम्प्लॉयर ॲग्रिगेट रेटिंग' हा वेगळा टाइप आहे. मार्कअप आपोआप भरणारं प्लगइन मात्र बरेचदा साधा 'ॲग्रिगेट रेटिंग' टाकून मोकळं होतं. गुगलच्या रिच रिझल्ट टेस्टमध्ये (मार्कअप तपासण्याचं साधन) फक्त 'रिव्ह्यू स्निपेट' (शोधनिकालात तारे दाखवणारा साधा प्रकार) आलं, तर आधी टाइप तपासा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी आकड्यांची. मराठी साइटवर वाचकाला '४.२' दिसलं तर छानच, पण जेसनमध्ये (मार्कअप ज्या रचनेत लिहितात ती) देवनागरी आकडे चालत नाहीत. कोडमध्ये इंग्रजीच हवेत. एकूण रेटिंग १,२०४ असतील तर तो स्वल्पविरामही काढा. अवतरणचिन्हांशिवाय तसंच लिहिलं, तर आकडा तिथेच संपला असं पार्सर (कोड वाचणारा प्रोग्राम) समजतो आणि अख्खा ब्लॉक बाद होतो. वर्डमधून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पार्सर मात्र अडतो.

मोजपट्टी ५ ची नसेल तर ते सांगावं लागतं. 'बेस्ट रेटिंग' दिलं नाही तर गुगल ५ धरतं आणि 'वर्स्ट रेटिंग' १. त्यामुळे १० पैकी ८.४ असताना नुसतं ८.४ टाकलं, तर ते ५ पैकी ८.४ ठरतं आणि त्रुटी येते. 'बेस्ट रेटिंग' १० लिहिलं की प्रश्न मिटला.

'रेटिंग काउंट' आणि 'रिव्ह्यू काउंट' यांपैकी एक तरी द्यावंच लागतं, पण त्यांचे अर्थ वेगळे. ३१२ जणांनी रेटिंग दिलं आणि त्यातल्या ४० जणांनीच अभिप्राय लिहिला, तर पहिला आकडा ३१२, दुसरा ४०. 'आयटम रिव्ह्यूड'मध्ये ऑर्गनायझेशन, तिचं नाव आणि 'सेम ॲज'मध्ये अधिकृत साइटचा पत्ता द्या. नाव नोकरीच्या जाहिरातीतल्यासारखंच ठेवा. मूळ कंपनीचं रेटिंग उपकंपनीच्या नावावर खपवू नका.

कोड निर्दोष असूनही रेटिंग दिसत नाही? मार्कअपमधलं रेटिंग त्याच पेजवर वाचकालाही दिसायला हवं. लॉगिनमागे दडवलेलं चालत नाही. दुसऱ्या साइटवरून उचललेलं रेटिंगही नको. आणि स्वतःच्याच साइटवर स्वतःच्याच कंपनीला तारे लावण्यात काही हशील नाही: अशा स्वस्तुतीला गुगलने सप्टेंबर २०१९ पासून रिव्ह्यू स्निपेटमधून वगळलं आहे.

दुरुस्तीनंतर गुगलने साइटमालकांना दिलेल्या सर्च कन्सोल या साधनाच्या यूआरएल तपासणीत लाइव्ह टेस्ट चालवा आणि 'टेस्टेड पेज'मधल्या एचटीएमएलमध्ये तुमचा ब्लॉक शोधा. जावास्क्रिप्टने उशिरा भरला जात असेल, तर तो तिथे सापडेलच असं नाही. तसं झालं तर तो सर्व्हरवरूनच पाठवा. सापडला, की इंडेक्सिंगची (गुगलने पेज पुन्हा नोंदवण्याची) विनंती करा आणि काही दिवस थांबा. तरीही तारे दिसतीलच अशी हमी गुगल देत नाही, हे क्लायंटला आधीच सांगितलेलं बरं.