लाकडी खांब काँक्रीटवर बसवताना: बेस, बोल्ट आणि बुडाखालची फट

लाकडी खांब थेट काँक्रीटवर टेकवला की तो बुडापासून कुजत जातो. लाकडाचं आडवं कापलेलं तोंड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. पाऊस थांबल्यावरही काँक्रीट बराच काळ ओल धरून असतं आणि त्या नळ्या ती वर ओढत राहतात. वरून रंग शाबूत दिसतो, पण बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचला तर विनासायास आत जातो. म्हणून धातूच्या बेसचं, म्हणजे काँक्रीटला बोल्टने जखडून खांब ज्यात बसवतात त्या बैठकीचं, पहिलं काम खांबाला वर उचलून धरण्याचं: लाकूड आणि काँक्रीट यांच्यात निदान 25 मिमी मोकळी जागा हवी. खांब जागेवर धरून ठेवणं हे दुसरं काम.

तिसरं काम लोक त्याच्यावर लादतात, ते मात्र त्याला झेपत नाही. साधा बेस खांबाचा भार पेलतो, त्याला वाऱ्याने वर उचलू देत नाही, बाजूला सरकू देत नाही. पण खांब कलंडायला लागला तर थोपवू शकत नाही. त्याला बिजागरी समजा. चार खांब वर तुळयांनी जोडलेले आणि कोपऱ्यांत तिरपे ठेपे दिलेले असतील, तर बिजागरी चालते. कुंपणाच्या किंवा फाटकाच्या सुट्या खांबाला ती चालत नाही. तिथे खांब खोल पुरा, नाहीतर कलंडण्याचा जोर घेण्यासाठीच बनवलेला बेस आणा.

बेस घेण्याआधी खांब मोजा. चार इंची म्हणून घेतलेला खांब रंधा मारल्यावर बहुतेकदा 89-90 मिमी भरतो आणि 100 मिमीच्या बेसमध्ये खुळखुळतो. ती फट लाकडी पट्टीने भरू नका. पट्टी सुकली की पुन्हा सैल. उघड्यावरच्या कामाला हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून काढलेलं) किंवा स्टेनलेस स्टील घ्या. चकचकीत पातळ झिंकचा मुलामा फार टिकत नाही, आणि तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेलं लाकूड तर तो लवकर खाऊन टाकतं. बेस, बोल्ट, वॉशर सगळे एकाच धातूचे असू द्या. बेसच्या पेल्यात पाणी साचत असेल आणि तळाला भोक नसेल, तर तो बेस दुकानातच ठेवा.

आता काँक्रीट. ते ओतून 28 दिवस झालेले असावेत. जाडी बोल्ट जेवढा आत जाणार त्याच्या दुप्पट हवी: 12 मिमीचा अँकर बोल्ट 70 मिमी आत जात असेल तर 140 मिमी. स्लॅब पातळ असेल तर कमी खोलीचा बोल्ट बघा, नाहीतर त्या जागी वेगळा पाया ओता. कडेपासून अंतर व्यासाच्या दहापट, म्हणजे इथे 120 मिमी ठेवा. अँकर बोल्ट आत फुगून काँक्रीटला बाजूला रेटतो. कड जवळ असली की तो अख्खा तुकडा घेऊन बाहेर येतो. वर फरशी किंवा कोबा असेल तर 70 मिमी त्याच्या खालून मोजा. सुट्या पेव्हरमध्ये अँकर मारू नका. स्लॅबच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा असल्याची शंका असेल, तर जाणकाराने तपासल्याशिवाय ड्रिल लावूच नका.

दोरी ताणून खांबांच्या रेषा आखा, कर्ण मोजून चौकोन गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का बघा. बेस जागेवर ठेवून भोकांच्या खुणा करा, पण सगळी भोकं एकदम पाडू नका. एक पाडा, बोल्ट बसवून नट हातानेच आवळा, बेस फिरवून रेषेत आणा आणि मग त्याच्याच भोकांतून उरलेली पाडा. हॅमर ड्रिलला बोल्टच्याच मापाचा, 12 मिमीचा बिट लावा आणि 85 मिमीवर चिकटपट्टीची खूण करा. फरशी असेल तर ती पार होईपर्यंत हॅमर बंद. गॉगल आणि धुळीचा मास्क लावाच. काँक्रीटची भुकटी फुप्फुसाला घातक असते.

भोकातली भुकटी काढणं हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत जास्त टाळलं जाणारं काम. पंपाने फुंका, तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. भुकटी राहिली तर बोल्टची पाचर तिच्यावरून घसरते आणि नट आवळताना अख्खा बोल्टच गरगर फिरतो. ठोकताना नट बोल्टच्या माथ्याच्या पातळीत ठेवा, म्हणजे हातोड्याने आटे चेपणार नाहीत. मग पाकिटावर लिहिलेल्या टॉर्कपर्यंत, म्हणजे आवळण्याच्या जोरापर्यंत, आवळा. 12 मिमीला तो साधारण 40 ते 60 न्यूटन-मीटर असतो. जास्त जोर लावला म्हणजे पकड वाढते असं नाही. आटे जातात किंवा काँक्रीट तडकतं.

बिटला सळई लागली तर ती कापत बसू नका, जागा बदला. फसलेलं भोक न आक्रसणाऱ्या ग्राउटने (पोकळी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) भरा आणि नवं भोक त्याच्या खोलीच्या दुप्पट अंतरावर घ्या. काँक्रीटला उतार असेल तर बेसखाली धातूच्या पातळ चकत्या सरकवून लेव्हल साधा, उरलेली पोकळी ग्राउटने भरा. बोल्ट आवळून वाकडा बेस सरळ करायला गेलात तर प्लेट वाकते.

कड जवळ असेल तर केमिकल अँकर (भोकात रसायन भरून त्यात चिकटवलेला रॉड) बरा, कारण तो फुगत नाही. कडेचं किमान अंतर मात्र त्यालाही असतं, ते पाकिटावर बघा. 12 मिमीच्या आटेदार रॉडला 14 मिमीचं भोक. नळीतून निघणारा पहिला माल टाकून द्या, रंग एकसारखा आला की भोकाच्या तळापासून दोन तृतीयांश भरा आणि रॉड फिरवत आत घाला. पाकिटावरच्या तक्त्यातला वेळ होईपर्यंत हात लावू नका. थंडीत हा वेळ बराच वाढतो.

खांबाचं बूड गुण्यात कापा आणि लाकूडरक्षक द्रावणाचे दोन-तीन हात द्या. पहिला हात लाकूड बघता बघता पिऊन टाकतं, तिथेच थांबू नका. खांब बेसमध्ये ठेवून लगतच्या दोन बाजूंनी लेव्हल लावा, दोन तिरप्या फळ्यांनी धरून ठेवा, मगच बोल्टची भोकं पाडा. 10 मिमीचा बोल्ट बुडाच्या टोकापासून 70 मिमी तरी वर असावा, नाहीतर लाकूड उभं चिरतं. भोक अर्ध्यापर्यंत एका बाजूने, अर्ध्यापर्यंत दुसऱ्या बाजूने पाडलं की बिट भलतीकडे निघत नाही.

ओलं लाकूड सुकताना आडवं आकसतं आणि नट आपोआप सैल होतात. पहिल्या कोरड्या ऋतूनंतर सगळ्या नटांवर पाना फिरवा, आणि बुडाखालच्या फटीत साचलेला पालापाचोळा, माती काढून टाका.