'द ऑफुल ट्रुथ' कसा पाहावा

लिओ मॅकॅरी यांनी कोलंबिया पिक्चर्ससाठी दिग्दर्शित केलेला 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) हा कृष्णधवल चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. तो शक्यतो दोनदा पाहावा. पहिल्या वेळी मनसोक्त हसावे, आणि दुसऱ्या वेळी जेरी व लूसी वॉरिनर या नवरा-बायकोपैकी कोणी खरोखर बाहेरख्याली वागले होते का, याचा पुरावा शोधायला बसावे. तो पुरावा हाती लागत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाची सारी ताकद तिथेच आहे.

संशयावरचा विनोद म्हटले की आपल्याला देवलांचे 'संशयकल्लोळ' आठवते. तिथे फाल्गुनराव आणि कृत्तिका एकमेकांवर उगाच संशय घेत आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते आणि म्हणूनच तो हसतो. हा चित्रपट पाहताना ती सवय बाजूला ठेवावी, कारण इथे प्रेक्षकालाही सत्य कळू दिलेले नाही.

सुरुवातीची काही मिनिटे मुळीच चुकवू नयेत. फ्लोरिडाला जातो असे बायकोला सांगून भलतीकडेच राहिलेला जेरी (कॅरी ग्रँट) घरी परतण्याआधी क्लबमध्ये दिव्याखाली पडून अंगावर उन्हाचा रापलेपणा चढवून घेतो. घरी येताना तो संत्र्यांची टोपली आणतो, आणि त्या संत्र्यांवर कॅलिफोर्नियाचा शिक्का निघतो. दरम्यान लूसी (आयरीन डन) रात्र बाहेर काढून आपल्या गायनशिक्षकाबरोबर परतते आणि वाटेत गाडी बिघडल्याचे सांगते. जेरीचे खोटे उघडे पडते, पण त्या दिवसांत तो होता कुठे, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. लूसीचे म्हणणेही कोणी पडताळून पाहत नाही. तरीही प्रकरण थेट कोर्टात जाते, घटस्फोट पक्का व्हायला ९० दिवसांची मुदत मिळते, आणि मिस्टर स्मिथ नावाचा कुत्रा कोणाकडे राहणार यावर खरा वाद रंगतो.

यापुढे संवादांपेक्षा वस्तूंवर नजर ठेवावी. हॉलीवूडमध्ये १९३४ पासून सेन्सॉर संहितेची अंमलबजावणी कडक झाली होती आणि व्यभिचारासारखा विषय उघडपणे हाताळणे अवघड होते, त्यामुळे जे दाखवता येत नव्हते ते दारे, खुर्च्या आणि हॅट यांच्याकडून वदवून घेतलेले आहे. लूसीच्या घरातील हॅटचा प्रसंग यासाठी सावकाश, गरज पडल्यास मागे नेऊन पाहावा. गायनशिक्षक आतल्या खोलीत लपलेला आहे, त्याची हॅट बाहेर राहिली आहे, लूसी ती जेरीपासून दडवू पाहते आणि लपाछपीची आवड असलेला कुत्रा ती पुन्हा पुन्हा ओढून आणतो. कोणी काही कबूल करत नाही, तरी प्रत्येक वेळी हॅट दिसली की संशय एका पायरीने वर चढतो.

दुसरा प्रसंग आहे गाण्याचा. बायकोला शिक्षकाच्या घरी रंगेहाथ पकडण्याच्या तयारीने जेरी आत घुसतो, तर समोर निमंत्रित श्रोते बसलेले आणि लूसी त्यांच्यापुढे गात असलेली. वरमलेला जेरी मागे खुर्चीवर टेकतो आणि खुर्चीसकट कोसळतो. या क्षणी पडणाऱ्या ग्रँटपेक्षा डन यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. गाण्याची शेवटची ओळ संपवताना त्यांना हसू आवरत नाही आणि ते हसू त्या सुरातच मिसळून टाकतात. लूसीचे जेरीवर अजूनही प्रेम आहे हे त्या एका हसण्यात कळते. तेवढे स्पष्ट ते पुढच्या कोणत्याही संवादात कळत नाही.

लूसीशी लग्न करू पाहणारा ओक्लाहोमाचा तेलमालक डॅन (राल्फ बेलामी) याला केवळ भोळा म्हणून बाजूला सारू नये. तो सरळ मनाचा आहे, आणि लूसी त्याच्यासोबत का रमत नाही याचे उत्तर शोधले, तर जेरीशी तिचे का जमते हेही कळते.

मॅकॅरी यांनी पूर्वी लॉरेल-हार्डी या विनोदी जोडीबरोबर काम केले होते. चित्रीकरणाच्या वेळी ते बरेचसे प्रसंग ऐनवेळी सुचवत, आणि या पद्धतीने ग्रँट सुरुवातीला बेचैन झाले होते. म्हणून सबटायटल वाचताना नटांचे अर्धवट तोडलेले शब्द आणि मध्येच घेतलेले श्वास निसटणार नाहीत याची काळजी घ्यावी.

सवड असल्यास मॅकॅरी यांचाच त्याच वर्षीचा 'मेक वे फॉर टुमारो' पुढच्या आठवड्यात पाहावा. वृद्ध जोडप्याच्या ताटातुटीची ती गोष्ट आहे. 'द ऑफुल ट्रुथ'साठी दिग्दर्शनाचे ऑस्कर स्वीकारताना मॅकॅरी यांनी, हा सन्मान चुकीच्या चित्रपटाला दिला गेला, असे म्हटल्याचे प्रसिद्ध आहे.