टॅलीत शाखा-विभाग उघडताय? आधी ‘सामाईक’ उघडा

गेल्या वर्षी आमच्या पंप-पाइपच्या धंद्याच्या चार शाखा मी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवल्या आणि सपशेल तोंडावर पडलो. म्हणून हे लिहितोय.

बॅकअप घ्या. सुरुवात १ एप्रिलपासूनच करा. ऑगस्टमध्ये जाग आली तर मागची सगळी व्हाउचरं, म्हणजे एकेका व्यवहाराच्या नोंदी, उघडत बसाल.

एफ ११ मध्ये (टॅलीच्या सुविधा चालू-बंद करायच्या पानावर) कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कुणाच्या नावावर पडला ते दाखवणारी नावं, चालू करण्याआधी यादी कागदावर मांडा. आमच्या शाखा चिपळूण, कुडाळ, म्हापसा, पुणे. विभाग विक्री आणि दुरुस्ती. आणि सामाईक! शाखांतही सामाईक, विभागांतही सामाईक. मी हेच विसरलो. ऑडिटरची फी, इंटरनेट, टॅलीचं रिन्यूअल यातलं काहीच एका शाखेचं नसतं. ऑपरेटर बिचारा एंटर-एंटर मारत गेला, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आमच्या यादीत पहिलं चिपळूण. मार्चमध्ये चिपळूण तोट्यात! मालक गाळा सोडायच्या गोष्टी करायला लागले, तेव्हा मी एकेक व्हाउचर उघडलं. त्यात पुण्याच्या ऑफिसचं चहाचं बिलसुद्धा होतं. नाव ‘एए सामाईक’ असं ठेवा, म्हणजे झोपेत मारलेलं एंटर निदान तिथे पडेल.

शाखा आणि विभाग एकाच यादीत कोंबू नका, दोन कॉस्ट कॅटेगरी, म्हणजे कॉस्ट सेंटरचे दोन वेगळे गट, करा. नाहीतर ‘चिपळूण-विक्री’, ‘चिपळूण-दुरुस्ती’ अशी जोडनावं वाढतच जातात. गोडाऊन म्हणजे शाखा नव्हे. ते माल धरतं, पगार नाही.

म्हापशाचं प्रकरण वेगळं. गोव्याचा जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, आपला महाराष्ट्राचा २७ ने. पुण्याहून चिपळूणला माल त्याच नंबराखाली डिलिव्हरी चलनावर जातो. म्हापशाला मात्र तो पुरवठा ठरतो, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून इन्व्हॉइस काढा. आणि पुन्हा सामाईक: दोन्ही राज्यांसाठीच्या सेवेचं बिल पुण्यात आलं, तर १ एप्रिल २०२५ पासून त्याचं क्रेडिट, म्हणजे बिलावर भरलेल्या जीएसटीची वजावट, वाटायला आयएसडी (इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर) ही वेगळी जीएसटी नोंदणी सक्तीची आहे. सीएंना आत्ताच विचारा, रिटर्नच्या आदल्या रात्री नको.

सामाईक खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा ते मालकांकडून लिहून घ्या. तोंडी नाही. लिहून.

बाकी नेहमीचंच. प्रत्येक शाखेचं एक खोटं व्हाउचर टाका, रिपोर्ट बघा, व्हाउचर उडवा. युजरना हक्क द्या. ऑपरेटरला ‘एए’ म्हणजे काय ते सांगा; आमच्या नव्या पोराला ते पार्टीचं, म्हणजे एखाद्या गिऱ्हाइकाचं, नाव वाटलं होतं.