गाडीत ॲम्प आणि सबवूफर बसवताना: आधी तांबं, मग आवाज

१२ इंची सब आणि ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या पॉवरचा) मोनो, एकाच चॅनेलचा ॲम्प, हा छोट्या हॅचबॅकमध्ये नेहमी बसणारा जोड. पॅकिंगवर छापलेले १२००-१५०० वॉट विसरा, आरएमएसचा आकडा तेवढा बघा. क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा) ॲम्प साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला, तर १३.८ व्होल्टला ३०० वॉटसाठी सुमारे २७ अँपिअर लागतात. वायर आणि फ्यूज या आकड्यावरून ठरवायचे.

५ मीटर लांबीला ८ चौरस मिमी शुद्ध तांब्याची वायर पुरते. तिच्यात एवढ्या करंटला पाव व्होल्टच्या आसपास पडतो. बाजारातल्या स्वस्त 'किट'मध्ये बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं आणि जाडी रबराची असते. टोक चाकूने खरवडून पाहा. आत पांढरं दिसलं तर घेऊ नका. पैसे वाचवायचेच असतील तर सब ज्यात बसतो त्या खोक्यावर वाचवा, वायरवर नको. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी १६ चौरस मिमीची तांब्याची वेल्डिंग केबल उत्तम चालते, फक्त इंजिनजवळ तिला कोरुगेटेड पाइप घाला.

काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. पॉझिटिव्हपासून ४५ सेंमीच्या आत फ्यूज होल्डर बसवा, ८ चौरस मिमीला ४० अँपिअरचा फ्यूज. ॲम्पवर फ्यूज असतोच, मग हा कशाला, असं बरेच जण विचारतात. हा फ्यूज वायरीसाठी आहे. बोनेटपासून डिकीपर्यंत ही वायर कुठेही सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि कार्पेट पेटतं. होल्डर लावा, पण फ्यूज सगळ्यात शेवटी घाला.

फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकाच्या कडेला बसणाऱ्या कडीतूनच, आत घ्या, उघड्या पत्र्यावर घासू देऊ नका. पुढे दाराच्या सिल प्लेटखालून न्या. तिथे पिवळं आवरण असलेल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना आपली वायर बांधायची नाही. स्टीरिओचा सिग्नल ॲम्पला देणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्या.

बऱ्याच तक्रारींचं मूळ अर्थिंगमध्ये, म्हणजे ॲम्पचं निगेटिव्ह गाडीच्या पत्र्याला जोडण्यात असतं. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि ४५ सेंमीपेक्षा आखूड. डिकीतली पत्र्याची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, क्रिंप केलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली कडी) दातेरी वॉशर घालून नट-बोल्टने आवळा, वरून ग्रीस किंवा रंग लावा. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, पेट्रोलची लाइन तिथूनच जात असते.

रिमोटची (ॲम्प चालू-बंद करणारी) निळी-पांढरी वायर स्टीरिओला असेल तर प्रश्न नाही. कंपनीच्या स्टीरिओला ती नसते. अशा वेळी ॲम्पच्या हाय-लेव्हल इनपुटला (स्पीकरच्या वायरींवरून सिग्नल घेणाऱ्या) मागच्या स्पीकरच्या वायरी द्या आणि रिमोटसाठी चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून टॅप घ्या. थेट बॅटरीवरून घेतली तर ॲम्प रात्रभर चालू राहून बॅटरी उतरते आणि सकाळी गाडी सुरू न होण्याची शक्यता असते.

सबला ४ ओहमच्या दोन कॉइल असतील, तर प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून २ ओहम मिळतात. २ ओहमच्या दोन कॉइल तशाच जोडल्या तर १ ओहम होतो, आणि किमान २ ओहमचा ॲम्प प्रोटेक्टमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. त्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला, जोडा.

ॲम्पवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, ॲम्प स्टीरिओचा सिग्नल किती वाढवतो ते त्याने ठरतं. सब सोडवून ठेवा, इंजिन चालू, बास बूस्ट शून्य, स्टीरिओचा आवाज तीन-चतुर्थांश, आणि ५० हर्ट्झचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या आउटपुटला लावा. ३०० वॉट गुणिले २ ओहम म्हणजे ६००, त्याचं वर्गमूळ २४.५, गेन हळूहळू वाढवत तेवढ्या व्होल्टला थांबा. याच्या पुढे नेलं की लाट छाटली जाते आणि कॉइल जळते. लो-पास (वरचे सूर गाळणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवा.

इंजिनबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू आली तर आधी आरसीए ॲम्पमधून काढा. शिट्टी गेली तर दोष अर्थचा किंवा सिग्नलच्या वाटेवरचा. आवाज मोठा करून ॲम्पचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये डीसी व्होल्ट मोजा. ०.२ च्या वर गेलं तर लग उघडून पत्रा पुन्हा घासा. बास पोकळ वाटला, तर फेजचा (सबची लाट उलटी करणारा) स्विच ० आणि १८० वर ठेवून ड्रायव्हरच्या जागेवरून ऐका. जिथे भरीव वाटेल तिथेच राहू द्या.