भाषण लिहिण्याआधी वाद कुठे अडलाय ते शोधा

वक्तृत्वाचं शास्त्र जन्मलं ते जमिनीच्या भांडणांतून, असं ग्रीक परंपरा सांगते. इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये हुकूमशहांची सत्ता गेली, बळकावलेल्या जमिनी परत मिळवायला लोक न्यायालयात उभे राहिले आणि त्यांना बोलायला शिकवणारे कोरॅक्स आणि टिसियास हे या शास्त्राचे पहिले गुरू ठरले. अथेन्समध्येही आपली बाजू आपणच मांडायची रीत होती. समोर शेकडो पंच, आणि पाणघड्याळातलं पाणी संपेपर्यंतच वेळ. निर्णय समोरच्यांच्या हातात आहे आणि तो आपल्या बाजूने लागायला हवा, इथून या शास्त्राचा सगळा विचार सुरू होतो. आपल्या शालेय वक्तृत्व स्पर्धांनी मात्र पाठांतर, हातवारे आणि शेवटी कविता एवढाच संस्कार केला आहे. तो आधी विसरावा लागतो.

उदाहरणाला एक साधा प्रसंग घेऊ. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, म्हणून गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरवेलमध्ये सोडावं असा ठराव तुम्हाला मांडायचा आहे. बोलायला पाच मिनिटं.

चार प्रश्न

इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरस या ग्रीक शिक्षकाने वाद अडतो त्या जागा चार प्रकारच्या असतात असं मांडलं. या जागेला ग्रीकमध्ये ‘स्टेसिस’ म्हणतात. पहिला प्रश्न वस्तुस्थितीचा: हे घडलं आहे का? दुसरा व्याख्येचा: घडलं त्याला म्हणायचं काय? तिसरा योग्यायोग्यतेचा: ते बरोबर आहे का? चौथा अधिकाराचा: हे ठरवायचं इथेच का, आणि आपणच का?

आपल्या सभेत लावून पाहा. टँकरचा खर्च वाढतोय हेच कुणाला मान्य नसेल, तर वाद वस्तुस्थितीवर अडला आहे. तीन वर्षांची बिलं आणा, दुसरं काही लागत नाही. खर्च मान्य आहे, पण ‘हे हौसेचं काम आहे, गरजेचं नाही’ असं लोक म्हणत असतील, तर तो व्याख्येचा वाद. तळमजल्यावरच्या दुकानदारांनी सारखीच वर्गणी का भरायची, हा योग्यायोग्यतेचा. आणि विषयपत्रिकेवर हा विषय नसेल, तर कुणीतरी उठून अधिकाराचा मुद्दा काढणारच. मग तुमचं भाषण कितीही चांगलं असलं तरी वाया.

बहुतेक भाषणं इथेच फसतात. वर्गणीवरून कुरबुर चालू असते आणि वक्ता पाणीटंचाईच्या गंभीरतेवर बोलत राहतो. ती तर सगळ्यांना मान्यच असते! म्हणून सभेच्या आधी निदान चार-पाच सभासदांशी बोला, विशेषतः विरोधात असलेल्यांशी, आणि अडलेली जागा एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमेपर्यंत भाषण लिहायला बसू नका.

सहा भाग, तीनशे सेकंद

रोमन पद्धतीत भाषणाचे सहा भाग असतात. पाच मिनिटांची वाटणी अशी करता येईल: प्रस्तावना 30 सेकंद, हकिगत 45, मुद्द्यांची घोषणा 15, मंडन (आपली बाजू सिद्ध करणं) दोन मिनिटं, खंडन (विरोधकाला उत्तर) एक मिनिट, समारोप 30 सेकंद.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. रोमन वक्ता सिसेरो याने लिहिलेल्या एका संवादात अँटोनियस हा वक्ता हीच आपली सवय असल्याचं सांगतो. काय बोलायचं ते ठरल्याशिवाय दार कुठे ठेवायचं ते कळत नाही. ‘व्यासपीठावरील सन्माननीय…’ या यादीत तुमचे तीस सेकंद सहज संपतात; अध्यक्ष आणि सभासद एवढंच पुरे. विश्वासही इथेच कमवायचा. ॲरिस्टॉटलच्या मते वक्त्याबद्दलचा विश्वास त्याच्या भाषणातूनच उभा राहायला हवा, आणि तो तीन गोष्टींवर ठरतो: त्याची जाण, त्याची सचोटी आणि श्रोत्यांबद्दलची आस्था. कंत्राटदार तुमच्या ओळखीचा असेल तर ते स्वतःहून आधी सांगा. दुसऱ्याने सांगितलं की खेळ संपला.

हकिगतीत फक्त घडलेलं सांगा, विशेषणं नकोत. मग एका वाक्यात घोषणा: ‘मी दोनच गोष्टी सांगणार आहे, खर्च किती आणि तो कुणी भरायचा.’

मंडनात तीन मुद्दे पुरतात. क्रम महत्त्वाचा. सर्वांत भक्कम मुद्दे पहिल्या आणि शेवटच्या जागी, लेचापेचा मध्ये. इलियड या ग्रीक महाकाव्यातल्या म्हाताऱ्या नेस्टरने कच्चे सैनिक मध्ये उभे केले होते, त्यावरून ही रचना ओळखली जाते.

मुद्दा मांडताना सगळ्या पायऱ्या बोलून दाखवू नयेत. आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, दुसऱ्याला पटवायचं वाक्य पाच अवयवांचं असतं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून आग आहे. ॲरिस्टॉटल सभेसाठी याच्या उलट सल्ला देतो: श्रोत्याला ठाऊक असलेला दुवा गाळा, तो स्वतःच जोडेल. ‘गेल्या वर्षी बोअर एप्रिलमध्ये आटली. यंदा मार्चमध्येच.’ एवढं बोलून थांबा. फेब्रुवारी हा शब्द श्रोत्यांच्या मनात आपोआप येतो, आणि स्वतः काढलेला निष्कर्ष माणूस सहसा खोडत नाही.

धोका एकच. गाळलेला दुवा श्रोत्यांना मान्य नसेल, तर सगळंच कोसळतं. ‘पाणी सोडलं की बोअर भरेल’ यात जमिनीत पाणी मुरतं हे गृहीत आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते सगळीकडे सारखं मुरत नाही, आणि सभेत एखादा सिव्हिल इंजिनिअर असतोच. असा दुवा उघड बोला, भूजल तज्ज्ञाच्या पाहणीचा कागद हातात ठेवून.

खंडनात विरोधकाचा आक्षेप त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडा. ‘गच्चीवरची घाण बोअरमध्ये जाईल’ ही भीती खरी आहे. उत्तर म्हणजे पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारी झडप, फिल्टर, आणि पावसाळ्याआधी गच्ची झाडणं. विरोधक आधीच बोलून टाळ्या घेऊन गेला असेल, तर क्रम उलटा करा. त्याचं खंडन आधी, आपलं म्हणणं नंतर. डोक्यात आक्षेप घोळत असताना नवे मुद्दे कुणी ऐकत नाही.

समारोपात भावनेला जागा आहे, पण थोडी. अश्रूइतक्या लवकर दुसरं काही वाळत नाही, हे अपोलोनियस या वक्तृत्वशिक्षकाचं वचन सिसेरोने विद्यार्थ्यांसाठी नोंदवून ठेवलंय. शेवटचं वाक्य ठरावाचं असावं: कुठल्या फंडातून, कमाल किती रक्कम, किती कोटेशनं, कुठल्या तारखेपर्यंत. ‘सर्वांनी सहकार्य करावं’ यावर मतदान घेता येत नाही.

शब्द, स्मरण, आवाज

मराठीत क्रियापद शेवटी येतं. लांब वाक्यात श्रोता त्याची वाट बघत बसतो आणि मधला आकडा निसटतो. बारा-पंधरा शब्दांवर वाक्य तोडा. अलंकार एकच वापरा. वाक्यारंभी एकच शब्द तीनदा आणणं सोपं आणि परिणामकारक. चौथ्यांदा आलं की हसू येतं.

पाठ करू नका. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या, लेखक अज्ञात असलेल्या एका रोमन पाठ्यपुस्तकात ओळखीच्या जागांवर मुद्दे ठेवण्याची युक्ती आहे. आपले सहा भाग फाटक, पंपरूम, टाकी, जिना, लिफ्ट आणि गच्चीवर ठेवा आणि बोलताना मनाने तिथून चालत जा. जागा एकमेकींपासून वेगळ्या दिसणाऱ्या हव्यात. सहा मजल्यांचे सहा सारखे पॅसेज घेतले तर गोंधळ ठरलेलाच.

आवाजाला कमी लेखू नये. इ.स.पू. 52 मध्ये रोमन राजकारणी मायलोच्या खटल्यात त्याच्या बाजूने बोलताना सिसेरोने नेमकी जागा पकडली होती: मायलोच्या माणसांनी त्याचा प्रतिस्पर्धी क्लोडियसला मारल्याचं नाकारलं नाही, ते स्वसंरक्षण होतं असं मांडलं. पण न्यायालयाभोवती सेनापती पाँपेचे सैनिक होते, सिसेरो बिचकला, भाषण पडलं आणि मायलो हद्दपार झाला. घरी घड्याळ लावून, उभं राहून, मोठ्याने किमान तीनदा बोला. मिनिटाला शंभर शब्द धरून पाचशे शब्दांच्या आत राहा आणि प्रत्येक आकड्यानंतर एक श्वास थांबा.

आणि अध्यक्षांनी चौथ्या मिनिटालाच घंटा वाजवली, तर वेग वाढवू नका. जिथे असाल तिथे वाक्य पूर्ण करा, उरलेलं सोडून थेट गच्चीवर जा आणि ठराव वाचा.