नायट्रो गाडीचा पाईप: डिचोलीच्या सड्यावर शिकलेलं

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक वापरलेली नायट्रो गाडी घेतली, म्हणजे रिमोटवर चालणारी, मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या इंधनावर धावणारी छोटी गाडी. एक दशांश आकाराचा ट्रक, इंजिन २.५ सीसीचं. पंधरा दिवसांत तिचा एक्झॉस्टचा (धुराचा) पाईप बदलला, कारण चकचकीत मोठा पाईप लावला की गाडी पळते असं एका दुकानात मला सांगितलं होतं. गोव्यात डिचोलीजवळच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, आम्ही जांभ्या मातीत आखलेल्या वाटेवर गाडी सोडली. सरळ पट्ट्याच्या टोकाला ती मस्त किंचाळायची, पण वळणातून बाहेर पडताना अगदी मरगळायची. तिसऱ्या दिवशी इंजिन तापून अडकलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला. सहा महिने साठवलेले पैसे होते ते.

इंजिन घेऊन मी म्हापशाला मामाच्या गॅरेजात गेलो. मामाने आयुष्यभर टू-स्ट्रोक गाड्या दुरुस्त केल्या, त्यातही आरएक्स १०० जास्त. त्याने माझा पाईप हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हा किती आरपीएमसाठी आहे?" आरपीएम म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे. मला उत्तर देता आलं नाही. मग म्हणाला, "अरे, हा सायलेन्सर समजून घेतलास काय? हा इंजिनाचा भाग. पिस्टन बदलल्यासारखंच आहे हे."

त्या वाक्यापासून माझा अभ्यास सुरू झाला. नवीन मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

माझ्या गाडीचं इंजिनही टू-स्ट्रोकच. त्यात सिलिंडरच्या तोंडांना व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच ती उघडतो-मिटतो. पिस्टन खाली येताना एक्झॉस्टचं तोंड आधी उघडतं, मग ताज्या मिश्रणाची तोंडं. वर जाताना उलट क्रम, म्हणजे एक्झॉस्ट सगळ्यात शेवटी बंद होतं. त्यामुळे आत आलेलं थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर निसटतं. पाईपचं काम हे निसटणं थांबवणं. एक्झॉस्ट उघडताच दाबाची एक लाट हेडरमधून, म्हणजे इंजिन आणि पाईप यांच्यामधल्या नळीतून, धावते. पाईप जिथे रुंद होत जातो तिथून उलटी, म्हणजे ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला जळका वायू खेचून काढते. पुढे पोट संपून पाईप परत निमुळता होतो, तिथून ढकलणारी लाट परत फिरते. ती तोंड बंद होण्याच्या जरा आधी पोचली तर निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरात कोंबते. वेळ चुकली तर तीच लाट नुकसान करते.

वेळ लांबीवर ठरते. गावातल्या विहिरीत हाक मारून बघा, खोल विहिरीतून आवाज उशिरा परत येतो. हिशेब पाटीवर करता येतो. ३०,००० आरपीएमला एका फेऱ्याला २ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट साधारण अर्धा फेरा उघडं असतं, म्हणजे सुमारे १ मिलिसेकंद. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास धरला तर तेवढ्या वेळात लाट ५० सेंटिमीटर जाईल. जाणं-येणं मिळून ५०, म्हणून परतीची जागा पिस्टनपासून अंदाजे २५ सेंटिमीटरवर हवी. २०,००० आरपीएमसाठी हाच हिशेब ३५ च्या पुढे जातो. खऱ्या पाईपमध्ये निमुळत्या भागाच्या पूर्ण लांबीवरून लाट परतते, त्यामुळे आकडा इतका नेमका नसतो. पण दिशा पक्की आहे: लांब पाईप खालच्या आरपीएमला ओढ देतो, आखूड पाईप वरच्या. माझा चकचकीत पाईप आखूड होता आणि आमच्या वाटेवर वळणंच जास्त होती.

मोटारसायकलींत हे शास्त्र पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात बसवत आणलं. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसी इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघत होती. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि हे ज्ञान जपानला पोचलं. मामाच्या गॅरेजातली ती आरएक्सही याच घराण्यातली, हे कळलं त्या संध्याकाळी मी दोन तास तिचा कापलेला जुना सायलेन्सर बघत बसलो होतो.

आता इंजिन का अडकलं ते सांगतो, कारण नवीन लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पाईपवर एक छोटं निपल असतं. तिथून सिलिकॉनची नळी इंधनाच्या टाकीला जाते आणि पाईपमधला दाब टाकीतलं इंधन कार्बुरेटरकडे ढकलतो. माझ्या नव्या पाईपची शेवटची बारीक नळी, स्टिंगर, आधीच्यापेक्षा रुंद होती. पाईपमधला दाब कमी झाला, टाकीवरचा दाब घटला, मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं. त्यात नळीला चीरही होती. या इंजिनात वंगणाचं तेल इंधनातूनच येतं, म्हणजे इंधन कमी पडलं की तेलही कमी. किती इंधन जायचं ते ठरवणारा कार्बुरेटरचा स्क्रू म्हणजे निडल, तिला मी हातसुद्धा लावला नव्हता. पाईप बदललात की हाय स्पीड निडल थोडी रिच (इंधन जास्त जाईल अशी) करूनच सुरू करा, आणि धूर बघत बघत आवळा. धुराची निळसर रेघ दिसत राहिलीच पाहिजे. हेडरचं गॅस्केट आणि जोड तेलाने ओले दिसत असतील तर तिथे गळती आहे. ती थांबवल्याशिवाय ट्यूनिंगला अर्थ नाही.

दुसरं इंजिन आल्यावर मी पद्धत बदलली. लांब हेडर मागवला आणि दर वेळी ३ मिलिमीटर कापत गेलो. कापलेलं परत जोडता येत नाही, म्हणून सुरुवात लांबीकडून करायची. कड कानशीने घासून घ्यायची आणि कीस धुऊन काढायचा, तो इंजिनात गेला तर संपलं. सिलिकॉनच्या जोडात हेडर आणि पाईप जवळजवळ टेकलेले ठेवा. मोठी फट राहिली की गरम वायू जोड आतून जाळतो.

प्रत्येक कापानंतर निडल नव्याने बसवायची, मग पाच फेऱ्या. मित्र स्टॉपवॉच धरायचा, मी इन्फ्रारेड थर्मामीटरने इंजिनाच्या हेडचं तापमान घ्यायचो. १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर पुढे, जास्त असेल तर थांबायचं. पहिल्या दोन फेऱ्यांचं काही लिहायचं नाही. पाईप थंड असताना आतल्या लाटेचा वेग कमी असतो, त्यामुळे तो जास्त लांब असल्यासारखा वागतो. तुलना एकाच सकाळी करायची. डिसेंबरच्या थंड सकाळी बसवलेली निडल मे महिन्याच्या दमट दुपारी रिच होते, कारण त्या हवेत प्राणवायू कमी असतो. सहा मिलिमीटर कापल्यावर वळणातून गाडी उचलू लागली आणि सरळ पट्ट्यावरही तुटेना. अजून तीन कापले तर वळणात पुन्हा रेंगाळली. मी नवा हेडर आणून सहावर थांबलो.

हे सगळं मी एका वहीत लिहीत गेलो. ती वही मी फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात डिग्रीच्या प्रोजेक्टमध्ये वापरली आणि पुढे वेर्ण्याच्या एका कारखान्यात चाचणी विभागाच्या मुलाखतीला घेऊन गेलो. अर्धा तास त्यांनी फक्त एकच विचारलं: एका वेळी एकच गोष्ट बदलली कशावरून? माझ्याकडे दर पानावर तारीख, हवा, निडलचे फेरे आणि प्लगचा प्रकार लिहिलेला होता. जे मेकॅनिकल शिकताहेत त्यांनी अशी वही आजच सुरू करावी. वर्गात लहरींचं परावर्तन फळ्यावर दिसतं, इथे ते कानाला ऐकू येतं.

दोन गोष्टी जपा. इंधनातल्या मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि ते त्वचेतूनही शरीरात जातं. हातमोजे घाला, भरताना आसपास कुणी सिगारेट पेटवायची नाही. आणि मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडे जूनपासून अर्धा भरलेला डबा उघडझाप करत ठेवलात तर सप्टेंबरात कोणताही पाईप गाडी नीट चालवणार नाही. मी पावसाळ्याआधी इंधन संपवतो, इंजिनात तेल सोडतो आणि पाईप काढून आतला, इंधनातल्या एरंडेल तेलाचा चिकट थर धुतो.

सड्यावर आम्ही डिसेंबर ते मार्च रविवारी सकाळी सातला असतो, ऊन चढायच्या आत. येताना स्वतःचं थर्मामीटर आणि वही आणा. हेडर कापायची करवत माझ्याकडे आहे.